काही आढळले नाही

ग्रंथपालबाईंनी चार वाचनालयांच्या प्रमुखांना एका टेबलाशी बसवलं, हेच मुळात नवल. एरवी ही मंडळी एकमेकांना साधा नकाशाही उसना द्यायची नाहीत. पण बाईंनी पिच्छा पुरवला आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मानसशास्त्राचा डिजिटल संग्रह घेतला. त्यात पुस्तकं होती, ऐकायचे धडे होते, मन सावरायचे व्यायाम होते. चारांपैकी कुठल्याही वाचनालयाच्या सभासदानं फोनवर शब्द टाकावा आणि घरबसल्या ऐकावं.

विषयसूची, म्हणजे शोधताना जुळायला हवेत ते शब्द, बाईंनी एकहाती केली. शब्द शास्त्रशुद्धच हवेत, यावर त्या अडून बसल्या. निद्रानाश. अवसाद. चिंताविकृती. चारही प्रमुखांनी माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कुणाला!

खरं तर ही सगळी धडपड धाकट्या भावासाठी होती. गाडी चालवणारा, जाईल तिथे गप्पांचा फड जमवणारा माणूस, पण अलीकडे पार मिटून गेला होता. डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे?" म्हणून अंगावर येई. फोनवर गुपचूप ऐकेल, कुणाला कळायचंही नाही, असं बाईंना वाटलं. पासवर्ड त्याच्या हातात ठेवून त्यांनी पुन्हा मुद्दाम चौकशी केली नाही.

मग एक दिवस भावजयीचा फोन आला. "ताई, हे अंथरुणातून उठतच नाहीत हो. कामावरूनही काढलं."

बाई तडक गेल्या. पडदे ओढलेले, उशाशी चहा गार झालेला.

"अरे, ते धडे ऐकलेस का?"

"विचारलं ना तुझ्या वाचनालयाला," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "झोप येत नाही, असं लिहिलं. मग मन लागत नाही, असं लिहिलं. दोन्ही वेळा उत्तर तेच, काही आढळले नाही. म्हटलं, आपल्या दुखण्याला इलाजच नसेल."

बाईंनी त्याचा फोन उचलला. "आहे रे, आहे! निद्रानाश लिहायचं होतं."

"मला कुठून सुचणार ते?"

बाईंना स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. त्यांनी शब्द टाकला. धडा लगेच सापडला. फोनमधून एक शांत आवाज बोलू लागला.

भावानं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"बंद कर, ताई. तेव्हा निदान विचारावंसं तरी वाटत होतं."