तळहातावरची किल्ली

आमचे बाबा कुलूपवाले. गिऱ्हाईकाची किल्ली हातात आली की ते आधी मूठ मिटतात, मग बोलतात. दुकानात दुसरं कोणी उभं असेल तर किल्ली फडक्याखाली जाते. कोणती किल्ली कोणाच्या दाराची, हे ते आईलाही सांगत नाहीत, आणि आईने विचारायचा नाद कधीच सोडलाय. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, आता शेजारच्या टेबलावर बसते. म्हणूनच पुढे जे झालं ते बाबांच्या हातून झालं, हे मला अजून खरं वाटत नाही.

सुरुवात झाली ती शाळेच्या बाईंपासून. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन त्या आमच्याच रस्त्यावर एकट्या राहायला आल्या होत्या.

"किल्ली परत मागून मागून थकले," त्या म्हणाल्या. "एक देतो, दुसरी ठेवतो. कुलूप बदललं तर त्याचीही नक्कल कुठून तरी करून आणतो. मी शाळेतून येते तर खुर्ची सरकवलेली असते. नेत काहीच नाही. येऊन गेलो, एवढं मला कळावं म्हणून येतो."

बाबांनी लगेच कामाला हात घातला. नंतर कितीतरी दिवस ते त्या एकाच कुलपाला चिकटून होते. आतली प्रत्येक पट्टी त्यांनी स्वतः घासली. किल्लीला असे दात पाडले की शेवटचा दात आतल्या बाजूला वळलेला. कुलूप बाईंच्या दारावर बसलं, किल्ली अशी फिरली की आवाजसुद्धा आला नाही. बाईंनी दार तीनदा उघडलं, तीनदा लावलं, आणि रडल्या.

आता आमच्या बाबांना फोन नवा. त्यात जगभरच्या कुलूपवाल्यांचा एक गट त्यांना सापडलेला, आणि लहान मुलाला खेळणं मिळावं तसं त्यांचं झालेलं. बाईंना किल्ली द्यायच्या आधी त्यांनी ती तळहातावर ठेवून फोटो काढला होता. तो त्यांनी गटात टाकला. मागे दुकानाची पाटी दिसतेय, आणि खाली लिहिलंय, "आमच्या रस्त्यावर एकट्या राहणाऱ्या शाळेच्या बाईंसाठी. आता कोणाच्या बापाला उघडणार नाही."

कौतुकाचा पाऊस पडला. कोणकोणत्या देशांतली माणसं वाहवा करत होती. बाबा तर हवेतच होते. त्या सगळ्यात एकच माणूस वेगळं बोलला. त्याच्या नावाच्या जागी नुसतं किटलीचं चित्र होतं. त्याने लिहिलं होतं, "कृपया हा फोटो आत्ताच्या आत्ता काढून टाका. कारण तुम्हाला एकट्याला लिहिलं आहे."

माझं डोकं मुळातच गरम. "जळतात मेले!" म्हणत मी बाबांचा फोन ओढला आणि सगळ्यांसमोर ठोकून दिलं, "स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नका." हसणारे चेहरे धडाधड उमटले.

बाबांनी तोवर त्याचा खासगी निरोप उघडला. फोनने त्याच्या भाषेचं आमच्या भाषेत जे काही केलं होतं, ते असं होतं:

"आदरणीय वडीलधारे महोदय, आपल्या हाताला नमस्कार. असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. म्हणूनच करून बघायचा मोह आवरला नाही. सोबत पाहा. उघड्यावर लिहिलं असतं तर इतरांनाही सुचलं असतं. त्या बाईंना सांभाळा."

सोबत फोटो होता. पितळेची किल्ली. शेवटचा दात आतल्या बाजूला वळलेला.

बाबांनी आधी गटातला फोटो काढून टाकला. मग स्वतःकडचा तोच फोटो उघडून फोन टेबलावर उभा केला, एक कोरी किल्ली घेतली, भिंगाखालून पडद्याकडे बघत कानस चालवायला लागले. बाईंच्या कुलपाची मापं त्यांना पाठ असणार, म्हणून मी म्हटलं, "तुम्हाला तर येईलच."

"मग तू कर," ते म्हणाले आणि कानस माझ्या हातात दिली.

ती किल्ली मी बनवली. ते कुलूप मी आतून कधी पाहिलं नव्हतं, किल्लीला हात लावला नव्हता. फक्त फोटो. अशा किल्लीची मूठ किती रुंद असते ते ठाऊक, त्यावरून बाकीचं माप निघत गेलं. धातूवर एकेक दात उमटायला लागला तसा माझ्या अंगावर काटा आला. हजारो अनोळखी डोळ्यांसमोर आम्ही एक दार उघडं टाकलं होतं.

"मला वाटत होतं हे यंत्र चित्र काढतं," बाबा हळूच म्हणाले. "हे तर साचा घेतं गं."

मी म्हटलं, गुपचूप कुलूप बदलून टाकू, देखभालीला आलोय म्हणून सांगू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

"दार तिचं आहे," ते म्हणाले.

बाई घरीच होत्या. बाबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मग विचारलं, "ही किल्ली लावून बघू का? तुम्ही हो म्हणालात तरच." बाईंनी आतून दार लावलं. मी किल्ली घातली, फिरवली. आवाजसुद्धा आला नाही. दार उघडलं, समोर बाई उभ्या. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

बाबांनी ते कुलूप तिथेच उतरवलं. सोबत आणलेलं साधं, भक्कम, नवंकोरं कुलूप बसवायला लागले. "हे तात्पुरतं. तुमचं मी पुन्हा घडवतो. ह्या वेळी फोटो नाही, बोलणं नाही."

मी पायरीवर बसले आणि जिथे बोलले होते तिथेच, सगळ्यांसमोर लिहिलं, "किटलीवाले काका, मी उद्धटपणा केला. तुमचं बरोबर होतं. माफ करा." का बरोबर होतं ते मात्र लिहिलं नाही. तेवढी अक्कल एव्हाना आली होती.

उत्तर लगेच आलं, पण खासगीत. "तुमचं वडिलांवर प्रेम आहे, ते दिसलं. दार ठीक आहे ना?" आणि एक नवा फोटो. कागदावर पितळेचा बारीक भुसा, बाजूला कानस. खाली ओळ होती, "मी केलेली त्यांची किल्ली. आता ती माझ्याकडेही नाही."

मी ते मोठ्याने वाचलं. बाईंनी फोन मागितला. बोटांनी चित्र मोठं करून त्यांनी तो पिवळा भुसा पाहिला.

"ज्याच्याबरोबर मी संसार केला," त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे किल्ली मागून मागून माझा जीव गेला. आणि ह्या माणसाने मला पाहिलंही नाही."