चरकाच्या तोंडावरची पट्टी

उसाच्या चरकाची पट्टी तुम्ही काढलीत, मालक. लढाईनं नाही, लोखंडाच्या टंचाईनं नाही, आणि गिऱ्हाइकानं तर मुळीच नाही. तुमच्या टेबलावर, तुमच्या टाकाच्या एका रेघेनं ती खोडली गेली, आणि त्या रेघेखाली एका बाईचा हात आला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला नको.

ज्ञानू मेस्त्री त्या दिवशी तुमच्या कचेरीत अनवाणी उभा होता. वहाणा दाराबाहेर काढायच्या हा तुमचाच नियम. हेडक्लार्क विष्णुपंतांनी एक टाइप केलेला कागद त्याच्यापुढं सरकवला.

"कऱ्हाडच्या खाली त्या मोहित्यांच्या गुऱ्हाळावर जायचं. हात गेला त्या बाईचा अंगठा घ्यायचा, खाली साक्षीदार म्हणून तुझी सही. संध्याकाळच्या गाडीनं परत."

"लिवलंय काय ह्यात?"

"तुला वाचता येतं की."

वाचता येत होतं. वडूजच्या लोहाराचा पोरगा, पण चौथी पास झालेला. त्यानं ओठ हलवत वाचलं. 'यंत्र चालविताना माझ्याच हयगयीने मला इजा झाली. यंत्रात कोणताही दोष नाही.' त्याच्या खाली मोकळी जागा, आणि जागेखाली, 'निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची'.

"आन् मी न्हाई सही केली तर?"

विष्णुपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. माणूस वाईट नव्हे. "ज्ञानू, बावीस वर्षं झाली तुला इथं. राहतोस ती खोलीसुद्धा कारखान्याची. आता मी काय सांगू?"

ज्ञानूनं कागदाची घडी केली आणि हत्यारांच्या पिशवीत घातली.

तो तुमचा फिरता फिटर. महाबळेश्वराच्या पायथ्यापासून कानडी मुलखाच्या शिवेपर्यंत जिथं जिथं तुमचा उसाचा चरक गेला, तिथं तो गेला. चरक कसा चालतो हे तुम्हाला ठाऊक. माणसं तो कशी चालवतात हे ठाऊक फक्त ज्ञानूला. तुम्ही अंगणात चरक रोवता, एक धट्टाकट्टा गडी शेजारी उभा करता, चार ऊस घालून बघता आणि मान डोलवता. गुऱ्हाळात ऊस घालणाऱ्याला उभं राहताच येत नाही, मालक. बैल ज्या आडव्या लाकडाला जुंपतात, ते दर फेऱ्याला डोक्यावरून जातं. म्हणून खड्डा करून त्यात बसायचं, मान वाकवायची आणि दिवसभर डाव्या हातानं ऊस आत रेटायचा. एक कांडंसुद्धा वाया घालवायचं नाही, म्हणून शेवटचा तुकडा तळहातानं ढकलायचा.

त्या तळहातासाठी पट्टी होती. तोंडावर चार शेर वजनाचं लोखंड, मधे भोक. ऊस आत जायचा, हात बाहेर राहायचा.

पण भोक अरुंद होतं. उसाचा जाड बुडखा अडकायचा, बैल थांबायचे, रसाच्या काहिलीखालचा जाळ फुकट जायचा. मग लोक वैतागून पट्टी काढायचे आणि कुडाला टांगून ठेवायचे. ज्ञानूनं हे सतरा गुऱ्हाळांवर बघितलं, आणि गेल्या साली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून दिलं: 'लोक पट्टी काढून ठेवतात. भोक दोन बोटं रुंद करावं. पट्टी ठेवावीच.'

तीन वाक्यं. तुम्ही त्यातलं पहिलं तेवढं उचललंत.

"लोकांनाच नको आहे, मग आपण कशाला द्यायची?" असं तुम्ही म्हणालात. "लोखंड परमिटवर. ऐंशी पट्ट्यांच्या लोखंडात एक अख्खा चरक होतो. एका चरकावर किती घरांचा ऊस गाळला जातो, सांग बरं."

हिशेब खोटा नव्हता. ज्ञानूलाही तो पटला. म्हणून तर त्यानं बाभळीची फळी करून आणली, रुंद भोक पाडून. लोखंड नको, खर्च नको.

तुम्ही फळी उलटीपालटी करून बघितलीत. "गावठी दिसतं रे," म्हणालात. "पुण्याच्या प्रदर्शनात मांडायचाय आपल्याला चरक."

फळी भट्टीत गेली. पुढच्या माहितीपत्रकात छापून आलं: 'आमच्या फिरत्या फिटरांच्या पाहणीवरून व गिऱ्हाइकांच्या मागणीवरून पट्टी काढून यंत्र अधिक सुटसुटीत केले आहे.' ज्ञानू गप्प बसला. त्याचा गुन्हा एवढाच. आणि तो लहान नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मोहित्यांच्या गुऱ्हाळावर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हंगाम संपत आलेला. काहिलीपाशी म्हातारे नानासो मोहिते रस ढवळत होते.

"या मेस्त्री! यंतराची तब्येत बघाया आलासा व्हय? ते ठणठणीत हाय. मोडतोड आमच्यातच झालीया."

चरकाशेजारच्या खड्ड्यात एक बाई बसली होती. नानासोंची सून, साळूबाई. तिचा नवरा मानसिंग पलटणीत, समुद्रापलीकडं. गावातले निम्मे गडी तिकडंच. साळूबाईच्या डाव्या मनगटापुढं काही नव्हतं. तिथं पटक्याचा तुकडा गुंडाळलेला. उजव्या हातानं ती ऊस घालत होती आणि प्रत्येक फेऱ्याला डोकं खाली घेत होती.

"आवं, हिलाच कशापायी बशिवली पुन्यांदा?" ज्ञानू म्हणाला.

"मग कुनाला बशिवू? तुला?" नानासो म्हणाले. "मी बसतो म्हनलं, तर म्हनती, मामंजी, तुमची मान वाकत न्हाई, तुमचं डोस्कंच जाईल."

ज्ञानूनं बैल सोडायला लावले. कुडाजवळ बाभळीची फळी पडली होती. त्यानं ती तासली, पटाशीनं भोक पाडलं, चांगलं दोन बोटं रुंद. तुमच्या चरकाच्या तोंडाला पट्टीची जुनी भोकं अजून तशीच होती, साचा बदलायचा खर्च तुम्ही केला नव्हता. त्यात त्यानं बोल्ट घालून फळी आवळली. दीड तास लागला. मालक, दीड तास.

बैल फिरले. साळूबाईनं सगळ्यात जाड बुडखा निवडून घातला. तो सरळ आत गेला. तिनं दुसरा घातला. मग फळीवरनं तळहात फिरवला.

"हे आदी व्हत न्हवतं का वो, मेस्त्री?"

"व्हत व्हतं."

"आमच्या चुलत्यांच्या जुन्या चरकाला हाय पट्टी. म्हनून हात जायच्या आदीच मी मामंजींच्या मागं लागून मास्तरांकडनं कारड लिवून घेतलं. पट्टी पाठवा म्हून. तुमच्याकडनं ह्यो कागूद आला." तिनं नानासोंना खूण केली. त्यांनी छपराच्या वळचणीतून माहितीपत्रक काढलं. एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. "मास्तरांनी वाचून दावलं. गिऱ्हाइकांनी मागनी केली म्हनं. आवं, गिऱ्हाईक तर मी. मी कवा केली वो मागनी?"

ज्ञानूनं माहितीपत्रक हातात घेतलं.

"आन् त्यो फिरता फिटर म्हंजी कोन?"

"मीच," ज्ञानू म्हणाला.

बैल फिरत राहिले. तिनं डोकं खाली घेतलं, लाकूड वरून गेलं, डोकं वर आलं.

"मग तुमी असं सांगितलंसा?"

"म्या पट्टी ठेवा म्हून लिवलं व्हतं. छापलं निराळं. पर म्या त्येंला हटकलं न्हाई."

तिनं आणखी एक ऊस आत घातला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग तिनं पिशवीकडं मान केली. "कागूद दिसतुय. त्यापायी आलासा न्हवं? वाचा तरी."

त्यानं वाचला. 'हयगय' शब्दाशी नानासोंचा झारा थांबला. 'डाव्या हाताच्या अंगठ्याची' इथपर्यंत येऊन ज्ञानूच थांबला. कारखान्यात कुणी विचारलंही नव्हतं, हात कुठला गेला.

साळूबाई हसली. मोठ्यानं नाही.

"डावाच पायजेल व्हय? त्यो तुमच्या यंतरातच हाय की. घ्या काढून."

त्या संध्याकाळी ज्ञानू परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खोलीतलं सामान बाहेर काढलं. एक वळकटी, एक ट्रंक. किल्ली खिशात घातली आणि तो कचेरीत आला. विष्णुपंत त्याच्या पायांकडं बघतच राहिले. तो वहाणा घालून आत आला होता. लाल मातीचे ठसे तुमच्या टेबलापर्यंत उमटले.

टेबलावर त्यानं किल्ली ठेवली. कागद ठेवला. निशाणीची जागा कोरी होती, साक्षीदाराचीही. त्यावर लाल रेघेचं माहितीपत्रक ठेवलं.

"हे काय? आणि वहाणा?" तुम्ही म्हणालात. "तू जाऊ शकतोस."

"जानारच हाय. येकच इचारून जातो." त्यानं लाल रेघेवर बोट ठेवलं, आणि ते उचललं नाही. "पट्टी नको म्हून मागनी केली त्यो गिऱ्हाईक कोन? नाव सांगा, मालक. गाव सांगा. मी चालत जाऊन बघून येतो, त्येला दोनी हात हायत का."