चंद्रभानच्या डोक्यावरचं ढेकूळ

बायना आणि मी चौदा वर्षं एकाच आंब्याखाली भाकरी खाल्ली. ती शेजारच्या चंद्रभानची बायको, मी मुंजाजींची. नाव घ्यायचं नसतं, पण तुम्हाला कळावं म्हणून घेतलं. आंबा धुऱ्यावर, म्हणजे दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावर. त्यात भांडण कसलं? पण पुरुषांना काम नसलं की नाही त्या गोष्टी सुचतात.

रझाकारीत आम्ही दोन्ही घरं वऱ्हाडात पळालो. वर्षाने आमच्या गावी, झरीला परतलो तर धुरा पावसाने पार सपाट केलेला. चंद्रभानने लागलीच आंब्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. वाट ठेवली ती फक्त त्याच्या बाजूने. आमचे मालक ओरडले, "आंबा आमचा हाय!" तो म्हणाला, "तुज्या बापानं लावला व्हता का?" पंधरा दिवस एकमेकांच्या आईमाईचा उद्धार चालला. बायनाला आमच्याकडे यायची बंदी. ती कुंपणाच्या आत एकटी जेवायची, मी बाहेर. भाकरी तशीच फडक्यात बांधून मी घरी न्यायचे.

शेवटी मीच गावचा शेतसारा बघणाऱ्या माली पाटलांकडे, म्हणजे दिनकररावांकडे गेले. त्यांनी जुनी रीत काढली. शेतातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन एकाने हद्द चालून दाखवायची. माती डोक्यावर असताना जो खोटं चालेल, त्याच्या घरात दाणा येत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

"कोन चालनार?" पाटलांनी विचारलं.

"चंद्रभानच चालंल," मालक म्हणाले. "मला कबूल हाय."

मी कपाळावर हात मारला. आंबा गेलाच म्हणायचा!

चंद्रभानने हसत ढेकूळ उचललं आणि हद्दीच्या दगडापासून झोकात निघाला. कुंपणापाशी मात्र थबकला. आमच्या बाजूने वळला असता तर अख्खं झाड त्याचं होतं.

"वळ की," त्याचा भाऊ भुजंग कुजबुजला.

"कसा वळू? डोक्यावर माती हाय!" तो खेकसला आणि स्वतःच रोवलेल्या काट्यांत घुसला. धोतर फाटलं, पिंढऱ्या रक्ताळल्या, पण ढेकूळ हललं नाही. थेट बुंध्याला जाऊन भिडला. हद्द आंब्याच्या मधूनच जात होती.

मालक धावले. "येड्या, सांगायचं की! कुऱ्हाडीनं वाट केली असती." त्याला खाली बसवून ते एकेक काटा उपटू लागले. तो प्रत्येक काट्याला शिवी देत होता आणि अख्खं गाव हसत होतं.

कुंपणाला चांगलं माणूसभर भगदाड पडलं होतं. आत उभी असलेली बायना लुगडं सावरत, भाकरीचं फडकं घेऊन त्यातून बाहेर आली.

"सरक की जरा, कडूबाई," ती म्हणाली. मी सरकले, आणि लेकरासारखी रडले.