जांभळे धागे

सेमिसीने भिंगावरून डोकं वर उचललं. "मावशी, गाळणकागदावर परत जांभळे धागे. तुम्ही नायलॉनचं काहीतरी घालून जाता."

"सगळं सुती आहे. आतलंही. दाखवू?" लोसालिने म्हणाली. प्रयोगशाळेतला तो पोरगा लाजला.

वारा जमिनीवरून सुटला की मी तिला माझ्या होडीतून प्रवाळाच्या पलीकडे न्यायचो. तिथे ती पंप लावून हवा गाळायची. गावातलं प्लास्टिक वाऱ्यावर बसून समुद्रात किती जातं, ते राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या सेमिसीच्या वरच्यांना मोजायचं होतं. पण धागे तिच्याच अंगावरचे निघाले, तर पाच महिन्यांचे गाळणकागद फुकट आणि लोसालिने खोटारडी. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

गुरुवारी सेमिसी स्वतः होडीत आला. त्याने आमचे कपडे तपासले. माझ्या अंगावर तपासण्याजोगं फारसं नव्हतं. पंपाला हातही त्यानेच लावला. तरी कागदावर सात जांभळे धागे.

"मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला. "पण हे येतं कुठून ते कळलं नाही, तर वरचे म्हणतील, बाई निष्काळजी आणि मी भोळा."

मला ठाऊक होतं. तिलाही होतं.

किनाऱ्यावरच्या दफनभूमीत, तिच्या नवऱ्याच्या, माकाच्या थडग्यामागे तिने शिवलेली गोधडी खांबांना ताणलेली होती. चकचकीत पॉलिएस्टरची, जांभळी, गावात सगळ्यांत मोठी. आमच्याकडे गेलेल्या माणसावरचा जीव थडग्यावरच्या गोधडीवरून जोखतात. चार वर्षांत ती पार विरली होती. ऊन रंग पितं, असं लोसालिने म्हणायची.

गप्प बसली असती, तर गोधडी वाचली असती. पण ती सेमिसीला आणि मला घेऊन थडग्यापाशी गेली. त्याने कोपरा चिमटीत धरला आणि बोटं जांभळी झाली.

"अहवालात माकांचं नाव नाही लिहीत, मावशी," तो हळूच म्हणाला.

"लिही." तिने माझ्याकडे बोट केलं. "या भावजींनी किती बोलावलं, पण माका जन्मात होडीत बसला नाही. पाण्याला भ्यायचा." तिने गोधडीवर हात ठेवला. "आणि चार वर्षं मीच त्याला थोडा थोडा पाण्यात लोटतेय."

तिला कापड लगेच उतरवायचं होतं, पण वारा अजून जमिनीवरूनच वाहत होता; काढताना झडलेले धागे थेट समुद्रात गेले असते. तो फिरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. मग मी गाठी सोडल्या.