पाहुण्यांसाठी आरोळी

"काका, तोंड जरा इकडे करा. आणि चेहऱ्यावर थोडी भीती येऊ द्या ना," मोबाइल वर धरून पाहुणीबाई म्हणाली.

लखीरामने तोंड तिकडे केलं. भीती काही आली नाही, आली ती शिसारी. पण बाईला तीही चालली. त्याने दोन्ही हात गालांशी नेले आणि "हेऽऽ होऽऽ, हुर्रऽऽ" अशी लांब आरोळी ठोकली. मचाणावरच्या गाद्यांवर लोळणाऱ्या पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. समोरच्या शिवारात तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

लखीराम जन्माचा जागल्या. टिपेश्वरच्या जंगलातून रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पिकात उतरली की मचाणावरून आरोळी देऊन ती परतवायची, हे त्याचं काम. बंदूक चालवायची नाही, तारेत वीज सोडली तर जेल. जनावरं सरकारची, पीक आपलं, आणि त्या दोघांच्या मध्ये कायद्याला चालेल असा एक घसा तेवढा उरलेला. तो घसा लखीरामचा असला की गाव निर्धास्त झोपायचं.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. गावातल्या भगवानरावांच्या मुलाने, अमरने, आपल्या शेतातली कपाशीची पऱ्हाटी उपटून तिथे शेणाने सारवलेल्या आणि आत कमोड बसवलेल्या झोपड्या उभ्या केल्या. पावसाळा सरून जंगल उघडलं की शहरातली माणसं येत. सकाळी जिप्सीतून वाघ, संध्याकाळी मचाणावर 'जागल अनुभव' आणि गरम भजी. जागरणाने ज्यांचे डोळे कायमचे लाल झाले, त्यांच्या जगण्याची अशी सहल झाली.

"अमरभाऊ, बिनकामाची आरोळी देऊ नये," लखीरामने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "जनावराले समजते."

"जनावराचं राहू द्या. तुमाले पगार समजते का नाही?" अमर हसला होता.

पगार समजला. त्या वर्षी गावात दुसरं कोण पगार देत होतं! तेव्हापासून रोज संध्याकाळी तो ओरडत होता, आणि रोज स्वतःच्याच आवाजाचा त्याला वीट येत होता.

बांधापलीकडे तानाबाईचं शेत होतं. अळीने कापूस खाल्ल्यावर त्यावर नांगर फिरवून तिने हरभरा पेरला होता. घरात दोन वेळची चूल पेटायची ती आता त्याच्याच भरवशावर. त्या हरभऱ्याची राखणही लखीरामकडेच. त्याची आरोळी ऐकली की तिने घराकडून पत्र्याचा डबा बडवत यायचं; दोन्हीकडून रेटा बसला की कळप मुकाट जंगलाकडे वळे. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं.

त्या दिवशी टाळ्या वाजून गेल्या, भजी आली, आणि दिवेलागणीला नाल्यातून रोह्यांचा कळप वर चढला. थेट तानाबाईच्या घाटे धरलेल्या हरभऱ्यात. लखीरामचे हात गालांकडे गेले. अमरने मनगट धरलं.

"थांबा, काका. फोटो काढू द्या त्यायले."

"अरे, हरभरा खाऊन राह्यले न!"

"वनखातं भरपाई देते तिले. बसा."

आणि लखीराम बसला. ज्या घशाचा त्याला एवढा अभिमान, तो आवळून बसला. शेजारी भजी खाता खाता कुणीतरी कुजबुजलं, "किती गोड खातायत ना!" ते ऐकलं मात्र, हात झटकून तो उठला आणि पोटातून ओरडला. रोह्यांनी माना वर केल्या, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि पुन्हा खाली घातल्या.

तो आणखी ओरडला. पुन्हा ओरडला. मागे टाळ्या पडल्या. "काका, वन्स मोअर!"

त्याने मचाणावरून उडी टाकली आणि काठी घेऊन शेतात धावला. अगदी अंगाशी भिडल्यावर कळप हलला. पण पलीकडून अडवायला कुणी नव्हतं, म्हणून उरलासुरला हरभरा तुडवत सरळ तानाबाईच्या घराकडे गेला. अंगणात खुरं वाजली तेव्हा कुठे ती बॅटरी घेऊन पळत आली. तिने तुडवलेल्या शेतावरून उजेड फिरवला.

"डबा काहून नाही वाजवला, तानाबाई?" लखीराम धापा टाकत होता. "घसा फुटेलोक आरोळ्या देल्ल्या मी."

"आयकल्या न," ती म्हणाली. "मले वाटलं, पाव्हण्यायसाठी ओरडून राह्यला."

आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने बॅटरी बांधावर ठेवली आणि खाली बसून आडव्या झालेल्या झाडांचे हिरवे घाटे ओच्यात तोडू लागली. लखीरामही समोर बसला आणि तोडू लागला. मचाणावरून अमर त्याला हाका मारत होता. लखीरामने ओ दिली नाही.