दुसऱ्या सोबत्याचा रकाना

मी एक जुनी नोंदवही आहे आणि माझ्या आयुष्यातली नऊ वर्षे एका डगमगत्या टेबलाच्या पायाखाली गेली आहेत. हसू नका, मित्रांनो. त्या नऊ वर्षांत मंडळाच्या एकाही सभेत चहा सांडला नाही, तो माझ्यामुळे. पण चहा सावरण्यासाठी काही माझा जन्म झाला नव्हता.

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. बाइंडर कमी बोलणारे होते. त्यांनी माझी सहाशे पाने मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली, पाठीला जाड कापड चिकटवले आणि मला दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून ठेवले. आठवडाभर माझ्या अंगाला खळीचा वास येत होता. मग त्यांनी प्रत्येक पानावर पाच रकाने आखले: तारीख, आजारी सभासद, पहिला सोबती, दुसरा सोबती, काय केले. काम संपल्यावर ते बायकोला म्हणाले, "ही वही माणसांपेक्षा जास्त टिकेल बघ." बायको म्हणाली, "माणसांना टिकवायलाच नेताहेत ना तिला? मग टिकली तर बरंच."

मला नेले ते एका बंधुमंडळात. सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचे सभागृह होते. एक लांब टेबल, तीस खुर्च्या, एक कपाट आणि एक खिडकी, एवढाच संसार. सभासद होते पाववाले, शिंपी, टपालवाले, छापखान्यातले कामगार. सगळे एकमेकांना भाऊ म्हणायचे. पुढे बायकाही सभासद झाल्या, तरी पाटीवर बंधुमंडळच राहिले. या लोकांनी एकमेकांना एकच वचन दिले होते: कुणी आजारी पडला तर त्याला एकटे ठेवायचे नाही. पाळीपाळीने दोघांनी जायचे. एकाने उशाशी बसायचे, दुसऱ्याने औषध आणायचे, पाणी भरायचे, चूल बघायची. कधीही एकट्याने जायचे नाही, हा पहिला नियम. आणि ज्याने अशा शंभर पाळ्या केल्या असतील, त्याच्या स्वतःच्या आजारपणात मंडळ तीन महिने रोज सोबत देईल, बाकीच्यांना आठवडाभर. या पाळ्या माझ्यात लिहायच्या, म्हणून माझी ऐट काही विचारू नका.

आणखी एक नियम होता, आणि पुढचे सगळे रामायण त्यानेच घडवले. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव लिहायचे नाही. माझ्या आधीच्या वहीत एक चिटणीस होऊन गेले होते, ते आपले नाव एवढ्या ठळक अक्षरात लिहीत की जोडीदाराला जागाच उरत नसे. आपलीच पाठ आपण थोपटायची, त्यातला प्रकार. तेव्हापासून ठरले की चिटणिसाने केलेल्या पाळ्या पुढच्या चिटणिसाने लिहायच्या. चिटणीस दरवर्षी बदलत असत, त्यामुळे कुणाचे काही अडत नव्हते.

मग आले घड्याळजी. कोपऱ्यावर त्यांचे घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान होते. ते आधी साधे सभासद होते, तेव्हाच्या त्यांच्या अकरा पाळ्या माझ्या पहिल्या पानांवर नीट लिहिलेल्या आहेत. मग ते चिटणीस झाले. त्यांचे अक्षर बारीक आणि सरळ होते. एक डाग नाही, एक खाडाखोड नाही. असा माणूस मिळाल्यावर कोण सोडतो? दरवर्षी सगळे म्हणत, "या वर्षी तुम्हीच बघा," आणि घड्याळजी नाकासमोर बघत मान डोलवत. असे करता करता एकोणतीस वर्षे झाली.

मित्रांनो, ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. घड्याळजी मला कापडी पिशवीत घालून आजाऱ्याच्या घरी नेत, म्हणून मी सगळे माझ्या डोळ्यांनी पाहिले. पाळीवर दोघे ठरलेले असत, पण एखाद्याला काम निघायचे, एखाद्याचे मूल तापायचे. दुसरा आला नाही की घड्याळजी दुकानाची फळी लावायचे आणि स्वतः निघायचे. शिंप्याच्या पायाला प्लास्टर होते तेव्हा त्यांनी त्याच्या घरची भांडी घासली. छापखान्यातल्या एका आजोबांना दिसेनासे झाले, तेव्हा घड्याळजी रोज दुपारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, अगदी जाहिरातींसकट. परत आले की टेबलावर मला उघडून लिहायचे. पहिला सोबती: पाववाले. दुसरा सोबती, आणि पुढे काहीच नाही. टाक पुसून ठेवायचे. माझ्या मनात यायचे, अहो, लिहा की. पण वहीला तोंड नसते. तिच्यात जे लिहिले जाते तेवढेच ती बोलते.

घड्याळजींची नजर कमी झाली तेव्हा त्यांनी कपाटाची किल्ली तिकीटताईंच्या हाती दिली. या ताई स्टेशनच्या तिकीटखिडकीवर काम करत. हिशेबाने वागणाऱ्या, वेळेच्या पक्क्या, चुकीचे एक अक्षर न खपवणाऱ्या. किल्ली घेताना त्यांनी नियमाप्रमाणे विचारलेही, "काका, तुमच्या पाळ्या सांगता? लिहून घेते."

"ते सावकाश बघू," घड्याळजी म्हणाले. सावकाश म्हटलेले काम कधी होते का?

थोड्याच दिवसांत सभागृहात संगणक आला. ताईंनी माझी पाने एकेक करून त्यात उतरवली. आता गंमत बघा. संगणकाला रिकामा रकाना चालत नसे. काही लिहिल्याशिवाय तो पुढे सरकतच नसे. म्हणून जिथे दुसरा रकाना कोरा होता, तिथे ताईंनी लिहिले "एकटे". एक जण एकटाच गेला असणार, असे त्यांना वाटले. वाटणारच, समोर कोरी जागा दिसत होती. काम संपल्यावर मी उरले, आणि टेबल तर कधीचे डगमगत होते.

त्या अंधारात मला वाळवी लागली नाही, एवढेच नशीब. वरून सभांचे आवाज यायचे. सभासद म्हातारे होत होते, नवे थोडेच येत होते. मला वाटले, आपले दिवस सरले.

मग एके दिवशी सभेत बातमी आली. घड्याळजी दुकानाच्या पायरीवरून पडले होते आणि खुब्याचे हाड मोडले होते. दवाखान्यातून घरी आले, पण घरात दुसरे कुणी नाही. बायको वारली होती, मूल नव्हते. होता एक पुतण्या, तो दूरच्या गावी. पुतण्या वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितले, "तीन महिने मला रजा मिळणार नाही. तुमची सोबत मिळाली तर काका इथेच राहतील. नाहीतर माझ्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात जागा बघितलीय, रविवारी दुपारी गाडी घेऊन येतो."

सगळ्यांना ठाऊक होते की घड्याळजी त्या आश्रमात गेले की परत यायचे नाहीत. त्यांची भिंतीवरची घड्याळे, त्यांचे छोटे टेबल, कोपऱ्यावरचा रस्ता, सगळे इथे होते.

ताईंनी संगणकावर नाव शोधले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अकरा," त्या म्हणाल्या. "फक्त अकरा पाळ्या. नियमाप्रमाणे एकच आठवडा मिळतो."

अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर होते. ते म्हणाले, "नियम एकासाठी वाकवला की सगळ्यांसाठी वाकवावा लागतो. मलाही वाईट वाटतंय, पण नोंद ती नोंद."

तेवढ्यात ताईंनी पुढचे पान सरकवले आणि तुलनेसाठी पाववाल्या आजोबांची नोंद वाचली. "आजोबा, तुमच्या एकशे चाळीस आहेत. त्यातल्या बत्तीस वेळा तुम्ही एकटे गेला होतात."

"कोण एकटा? मी?" पाववाले आजोबा म्हणाले. "ताई, मला इंजेक्शनची सुई दिसली तरी घेरी येते. मी जन्मात कुणाकडे एकटा गेलो नाही. आणि एकट्यानं जायचं नाही असा नियमच होता की."

"मग तुमच्याबरोबर कोण होतं?"

"घड्याळ्या. दुसरं कोण असणार?"

ताईंनी संगणक बाजूला सारला. मग खुर्ची मागे ढकलून खाली वाकल्या आणि त्यांनी मला ओढून काढले. टेबल कलले, पोस्टमास्तरांच्या मांडीवर चहा सांडला, पण कुणाचेच तिकडे लक्ष नव्हते. ताई पाने उलटू लागल्या. कोरा रकाना, पुन्हा कोरा रकाना. पानोपानी बारीक सरळ अक्षर, आणि त्या अक्षराच्या मालकाचा पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "किल्ली घेताना लिहून घ्यायला हवं होतं. वर मी 'एकटे' लिहून मोकळी झाले."

पोस्टमास्तर धोतर झटकत म्हणाले, "कोरी जागा म्हणजे पुरावा नव्हे. कुणीतरी साक्ष द्यायला हवी."

"देतील," ताई म्हणाल्या.

त्यांनी जुन्या सभासदांच्या घरोघरी निरोप पाठवला. रविवारी सकाळी त्यांनी मला टेबलावर ठेवले, शेजारी हिरव्या शाईचे पेन ठेवले आणि दार उघडले. नियम असा केला की जुन्या शाईला हात लावायचा नाही. ज्याला आठवत असेल त्याने त्या कोऱ्या रकान्यात हिरव्या शाईने घड्याळजींचे नाव लिहायचे, खाली आजची तारीख आणि आपली सही. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की नोंद बदलली.

मला खरेच धाकधूक होती. पहिल्या पानांतले अर्धे लोक आता हयात नव्हते. पण जिन्यावर पावले वाजू लागली. पाववाले आजोबा आले, बत्तीस वेळा सही करून त्यांचा हात दुखला. शिंप्याची सून आली. "सासऱ्यांचं प्लास्टर होतं ना, तेव्हा आमची कढई यांनीच घासली. तशी चकाकी मला कधी आली नाही," ती म्हणाली आणि सही केली. छापखान्यातल्या आजोबांची मुलगी आली. तिला तर जाहिरातीसुद्धा आठवत होत्या. कुणी काठी टेकत आले, कुणी कडेवर नातू घेऊन आले. शंभर कधी झाले ते कुणाला कळलेच नाही. मोजायचे ताईंचेही राहून गेले, आणि ताईंचे मोजायचे राहते म्हणजे बघा. शेवटी पोस्टमास्तरांनी स्वतः एक पान मागून घेतले. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या आईच्या आजारपणात दुसरा सोबती कोण होता, ते त्यांना आता आठवले होते. सही करताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

दुपारी ताई आणि पाववाले आजोबा मला घेऊन घड्याळजींकडे गेले. दाराशी बांधलेली पिशवी होती आणि पुतण्या गाडी पुसत होता. घड्याळजी खाटेवर पडले होते. भिंतीवर सात घड्याळे चालू होती.

ताईंनी मला त्यांच्या पुढ्यात उघडले. घड्याळजींनी भिंग मागितले, हिरवी शाई पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुणी लिहिलं? चिटणिसाचं नाव लिहायचं नसतं."

"चिटणिसानं लिहायचं नसतं, काका. आता चिटणीस मी आहे."

घड्याळजी पाने उलटत गेले, एकेक नाव, एकेक सही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ते येऊ दिले. मग अचानक बोट थांबले. "ही चुकीची आहे. पेन द्या."

"काय चुकलं?"

"या दिवशी मी गेलो खरा, पण आजारी माणसाला नुकती झोप लागली होती. जिन्यावरूनच परत फिरलो."

"अरे घड्याळ्या, जिना चढलास ना?" पाववाले आजोबा म्हणाले.

"जिना चढणं म्हणजे सोबत नव्हे."

अशा चार नोंदी त्यांनी स्वतःच्या हाताने खोडल्या. मग सवयीप्रमाणे मोजले. "दोनशे दहातून चार गेल्या. दोनशे सहा. हं, आता बरोबर."

ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पुतण्याने दारातली पिशवी उचलली, आत आणली आणि काकांचे कपडे पुन्हा कपाटात लावायला घेतले.

माझी काही पाने अजून कोरी होती. ताईंनी त्यांतल्या पहिल्या पानावर लिहिले: आजची तारीख. आजारी सभासद: घड्याळजी. पहिला सोबती: पाववाले. आणि पुढे पेनाला टोपण लावले.

घड्याळजींनी मला आपल्याकडे ओढले. केसासारख्या बारीक स्प्रिंगा बसवणाऱ्या त्या हातात आता पूर्वीची पकड नव्हती. तरीही त्यांनी दुसऱ्या सोबत्याच्या रकान्यात, वेड्यावाकड्या अक्षरांत, तिकीटताईंचे नाव लिहिले.

"स्वतःचं लिहायचं नसतं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं लिहायला कुणाची बंदी आहे?"

मित्रांनो, आता मी टेबलाच्या वर असते. टेबल पुन्हा डगमगते, चहा सांडतो, माझ्या कडेला एक डागही पडला आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. घड्याळजी काठी घेऊन चालू लागले आहेत आणि परवा सभागृहाचे भिंतीवरचे घड्याळ त्यांनीच लावून दिले. तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत कुणीतरी असा असेल, जो सगळ्यांची नावे लिहितो. जुन्या वह्या जपून ठेवा, आणि एखादा रकाना कोरा दिसला तर तो तसाच सोडून पान उलटू नका. आजूबाजूला विचारा, इथे कोण होते. विचारलेत तर कुणीतरी नक्की सांगेल, आणि सांगितले की लिहून ठेवा.