सोफ्यावरून पडलेलं बाळ

चार महिन्यांच्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय पडद्यावर आला आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. कवटीच्या आत दोन्ही बाजूंना रक्त साचलं होतं. काही ताजं, काही दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं. कागदावर मात्र लिहिलेलं: काल सोफ्यावरून पडलं.

"काल पडलं आणि रक्त गेल्या महिन्यातलं?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

त्यांनी मागच्या नोंदी उघडल्या. तीन आठवड्यांपूर्वी हेच बाळ उलट्या होतात म्हणून इथेच आलं होतं. 'पोट बिघडलंय' असं लिहून घरी पाठवलेलं. डोक्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. बाईंना आपल्याच हॉस्पिटलची किळस आली.

तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. "दोन्ही डोळ्यांच्या आत रक्ताचा सडा पडलाय. मला तरी हे गदागदा हलवल्यासारखं वाटतंय."

बाहेर बाळाचे वडील फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होते. बाईंना बघून म्हणाले, "लहान मुलं रबराची असतात हो, होईल बरं!" आणि त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला नाही. बाळाची आई बाकावर बसली होती. काहीही विचारलं की आधी नवऱ्याकडे बघायची, मग म्हणायची, "पडलंच."

विभागप्रमुखांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "'पडल्यामुळे शक्य' एवढंच लिहा ना. चांगल्या घरची माणसं आहेत, कशाला नसती भानगड?"

"मागच्या वेळी आपण घरच बघितलं, सर. बाळ बघायचं राहिलं."

बाईंनी दिसलं तसं लिहिलं आणि बालसंरक्षण अधिकाऱ्यांना स्वतः फोन लावला. अधिकारी आल्या, त्यांनी स्कॅन आई-वडिलांसमोर धरला. वडील आधी तावातावाने भांडले, मग हळूच म्हणाले, "रडायचं थांबेचना. एकदाच हलवलं."

"एकदाच?" आई म्हणाली. या वेळी तिने नवऱ्याकडे बघितलं नाही.

बाळ जगलं. आजीकडे गेलं. त्याला एका डोळ्याने दिसत नाही, उजव्या हाताची मूठही उघडत नाही. वडिलांवर खटला चालू आहे.

महिन्याच्या बैठकीत प्रमुखांनी हीच केस सगळ्यांना दाखवली. "आपल्या विभागाने वेळेत ओळखलं," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

बाई उठल्या आणि दार धाडकन ओढून बाहेर पडल्या.